दहा-वीस रुपयांच्या वस्तू, लाखमोलाचं काम



आपल्यापैकी बऱ्याच जणींचं कुणी ना कुणी मुंबईत असतं. कुणाची नणंद, कुणाचा भाऊ, कुणाची लेक. त्यातली कितीतरी माणसं गोवंडीत राहतात. शिवाजी नगर, बैंगनवाडी, मानखुर्दकडची वस्ती. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून मुंबईला गेलेल्या माणसांपैकी अनेकांनी याच बाजूला पाय रोवले. शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड. ते १९२७ पासून आहे, म्हणजे आपल्या आजीच्या वयाचं. हा सगळा भाग महापालिकेच्या एम-पूर्व विभागात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या सगळ्या विभागांमध्ये हा विभाग शेवटच्या क्रमांकावर होता.

तिथलं घर म्हणजे बहुतेक वेळा दहा बाय दहाची, नाहीतर दहा बाय बाराची खोली. वर पत्रा, कोपऱ्यात मोरी, शेजारी गॅस, दारात पाण्याचं पिंप. पाणी ठरलेल्या वेळेला येतं, कधी येतच नाही. अशा घरात प्रत्येक वस्तूला दोन-तीन कामं करावी लागतात. नुसती जागा अडवणारी वस्तू परवडत नाही. आपल्या खेड्यातल्या घराला अंगण असेल, पण पाण्याची ओढाताण, पत्र्याची धग आणि पोरांचे जुलाब आपल्यालाही चुकलेले नाहीत.

म्हणून या अंकात घरातल्या स्वस्त वस्तूंबद्दल बोलू. जुनी साडी, तुरटी, मीठ, साखर, माठ, चुना, साबण. त्यांचा माहीत असलेला उपयोग सोडून दुसरा काय होतो, तो का होतो आणि कुठे होत नाही, हे नीट समजून घेऊ. कारण अर्धवट माहिती असली की स्वस्त वस्तूही महागात पडते.

जुनी सुती साडी

साडी विरली की आपण गोधडी करतो, पोतेरं करतो, बाळाची लंगोटं करतो. पण तिचं सर्वात मोलाचं काम पाण्याशी आहे.

बांगलादेशात मतलब नावाच्या भागात रिटा कोलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. तिथली माणसं तळ्या-नदीचं पाणी पीत आणि दरवर्षी पटकी म्हणजे कॉलरा येई. प्रयोगात ६५ गावं होती. काही गावांतल्या बायकांना सांगितलं, जुनी सुती साडी चार पदरी घडी करून हंड्याच्या तोंडावर बांधा आणि त्यातून पाणी गाळा. २००३ मध्ये निकाल छापून आला. साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला होता.

हे कसं झालं? कॉलऱ्याचा जंतू इतका बारीक असतो की तो कुठल्याही साडीतून सहज पार होईल. पण तळ्याच्या पाण्यात तो बहुतेक वेळा एकटा नसतो. पाण्यातल्या बारीक किड्यांच्या अंगाला चिकटून असतो. साडी ते किडे अडवते, त्यांच्याबरोबर जंतूही अडतो. आणि नव्या साडीपेक्षा जुनी साडी चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि मधली भोकं आणखी बारीक होतात. दुकानात न मिळणारा गुण आपल्या पेटीतल्या फाटक्या साडीत असतो!

पण इथेच थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. ओढा, तळं, उघडी विहीर यांच्या पाण्याला ही साडी खूप उपयोगी. नळाच्या पाइपात गटाराचं पाणी शिरलं असेल, तर त्यातले जंतू सुटे फिरत असतात. ते साडीला दाद देत नाहीत. म्हणून साडीने गाळणं ही पहिली पायरी. पाणी उकळणं किंवा औषध टाकणं ही दुसरी. पहिली केली म्हणून दुसरी सोडायची नाही. आणि गाळल्यावर साडीची तीच बाजू धुऊन उन्हात वाळवायची. दुसऱ्या वेळी उलटी बाजू लावली, तर अडलेली सगळी घाण हंड्यात.

साडीचं दुसरं काम पिंप झाकण्याचं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. गोवंडीत दारोदारी पिंपं, आपल्याकडे रांजण, टाकी, हौद. डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं सगळं साधारण आठ-दहा दिवसांत होतं. पिंपाच्या तोंडावर साडीचा दुहेरी तुकडा टाकून जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा घट्ट बसवला की डास आत जात नाही. नुसतं झाकण ठेवलं तर फट राहतेच. आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून काथ्याने आतल्या कडा घासायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेघेवर भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी राहिली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की पुन्हा फुटतात. म्हणून घासणं महत्त्वाचं, मग एक दिवस कोरडं ठेवणं.

तुरटी आणि जुनं वर्तमानपत्र

पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की आजी हंड्यात तुरटी फिरवायची. त्यामागे शास्त्र आहे. गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके हलके असतात की ते आपोआप खाली बसत नाहीत, एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. तुरटी विरघळली की हे कण एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात, जड होतात आणि तळाला बसतात. तुरटीचा खडा हंड्यात दोन-चार वेळा फिरवून काढायचा, पाणी हळू ढवळायचं आणि तासभर न हलवता ठेवायचं. मग वरचं निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढायचं. तळ ओतायचा नाही. खडा पाण्यात टाकून ठेवायचा नाही, पाणी तुरट होतं.

पण निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नाही. तुरटी माती खाली बसवते, सगळे जंतू मारत नाही. जंतू मारायला उकळणं, क्लोरीनच्या गोळ्या किंवा अंगणवाडीत, आशाताईकडे मिळणारं मेडिक्लोरसारखं औषध लागतं. किती पाण्याला किती थेंब किंवा किती गोळ्या, ते बाटलीवर, पाकिटावर लिहिलेलं असतं. तेवढंच टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. तुरटी आधी, क्लोरीन नंतर. हा क्रम उलटा केला तर क्लोरीन मातीतच खर्ची पडतं आणि जंतू तसेच राहतात.

आता जळण नाही, गोळी नाही, अशी वेळ आली तर? कोल्ड्रिंकची किंवा पाण्याची स्वच्छ, पारदर्शक, रंग नसलेली बाटली घ्या. लेबल काढा, पाणी भरा, झाकण लावा आणि कडक उन्हात पत्र्यावर आडवी ठेवा. सहा तास. आभाळ भरलेलं असेल तर लागोपाठ दोन दिवस. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे किरण आणि उष्णता मिळून जंतू मारतात. जगात कितीतरी देशांत ही रीत वापरतात. बाटली एक-दोन लिटरपेक्षा मोठी नको, ओरखडे पडून धुरकट झालेली नको. सलग पावसात मात्र ही रीत चालत नाही.

पाणी पुरेसं निवळ आहे की नाही, हे कसं ओळखायचं? त्यासाठी जुनं वर्तमानपत्र! भरलेली बाटली मथळ्याच्या मोठ्या अक्षरांवर उभी ठेवा आणि बाटलीच्या तोंडातून खाली बघा. अक्षरं वाचता आली तर पाणी उन्हात ठेवायला चालेल. नाही वाचता आली तर आधी तुरटी, नाहीतर साडी. ज्या वाचत नाहीत त्यांनी अक्षरांच्या कडा स्पष्ट दिसतात का ते बघावं.

मीठ आणि साखर

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. बाकीचं विसरलं तरी चालेल, हे विसरू नका.

लहान मुलाला जुलाब लागले की जुलाबापेक्षा अंगातलं पाणी आणि मीठ निघून जाणं जास्त धोक्याचं असतं. नुसतं पाणी पाजलं तर ते आतड्यात नीट शोषलं जात नाही. पण पाण्यात योग्य मापात मीठ आणि साखर असेल तर साखर आतड्याचं दार उघडते, तिच्याबरोबर मीठ आत जातं आणि त्यांच्या मागोमाग पाणी. आजारी आतड्यातही हे दार बहुधा चालू असतं. एवढी साधी गोष्ट, पण हिने जगभर कोट्यवधी मुलं वाचली आहेत.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करत होते. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, माणसं जमिनीवर पडलेली. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात मिसळून पिंपात भरलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, कप भरभरून पाजत राहा. आधी शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते. ते प्रमाण चाराच्या खाली आलं. तेव्हा अनेक मोठ्या डॉक्टरांचा विश्वास बसला नव्हता. पुढे हीच रीत साऱ्या जगाने घेतली. २०२२ मध्ये डॉक्टर वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. लक्षात घ्या, त्या छावणीत पाजणारे हात नातेवाइकांचे होते.

पहिली पसंती ओआरएसच्या पाकिटाला. अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. पाकिटावर किती पाणी ते वाचायचं. काही पाकिटं एक लिटरची असतात, काही २०० मिलिलिटरची. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर नुकसान होतं. अर्धं पाकीट आज, अर्धं उद्या असंही करायचं नाही, माप चुकतं.

पाकीट नसेल तर घरी असं करा:

• एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मापाला चांगली.
• सहा सपाट चहाचे चमचे साखर.
• अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ.

सपाट म्हणजे चमच्यावरचा ढीग बोटाने किंवा सुरीने काढून टाकलेला. आधी मीठ विरघळवून चव घ्या. अश्रूपेक्षा खारट लागलं तर ते ओतून द्या आणि पुन्हा करा. मगच साखर घाला. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. साखर जास्त झाली तर ती आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात. म्हणून "गोड लागलं की पोरगं पितं" म्हणून आणखी चमचा घालायचा नाही. बाटलीतली कोल्ड्रिंकं, डबाबंद गोड रस याच कारणाने चालत नाहीत.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. चमच्याचमच्याने. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्यायच्या आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायच्या.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पिता येईना, लघवी बंद झाली, शौचात रक्त दिसलं, तर घरी थांबायचं नाही. पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठायचा.

माठ आणि चुना

सोलापूर, लातूरकडची बाई गोवंडीत गेली की तक्रार करते, "इथल्या माठात पाणी गारच होत नाही." माठ खराब नसतो, हवा वेगळी असते. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. मुंबईची हवा आधीच ओली. तिथे अंगाचा घाम वाळत नाही, तर माठाचा कुठून वाळणार? आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र माठ जोमात असतो.

याच गुणावर एक भाजीचं फ्रिज होतं. एक मोठं मडकं, त्यात एक लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू आणि वर ओलं कापड. वाळू दिवसातून दोन वेळा भिजवायची. नायजेरियातले मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकाने हे आपल्या भागात पसरवलं. तिथल्या कोरड्या हवेत तीन दिवसांत खराब होणारी वांगी त्यात २७ दिवस टिकली. या कामाबद्दल त्यांना २००० मध्ये आंतरराष्ट्रीय रोलेक्स पुरस्कार मिळाला. ज्या गटाच्या बाया आठवडी बाजाराला भाजी नेतात, त्यांनी उन्हाळ्यात करून पाहावं. भांडं सावलीत आणि वाऱ्याला ठेवायचं, बंद खोलीत नाही.

चुन्याचं काम छपरावर. पत्रा तापला की गोवंडीत काय नि गावात काय, दुपारी घरात बसवत नाही. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. अहमदाबादमध्ये शहराच्या उष्णता आराखड्यात वस्त्यांमधली छपरं पांढरी करण्याचं काम घेतलं. अशा छपराखाली घरात दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. पत्र्यावर नुसता चुना लवकर निघतो, म्हणून त्यात डिंक किंवा फेविकॉल मिसळतात. मार्चमध्ये लावायचा, पावसाने गेला की पुढच्या वर्षी पुन्हा. कळीचा चुना विझवताना पाणी उकळतं. पोरांना दूर ठेवा, डोळ्यांत उडू देऊ नका. उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने डोळे धुऊन दवाखान्यात जा.

साबणाचा फेस आणि भांड्यावरचं झाकण

दहा बाय दहाच्या खोलीत आग लागली तर पळायला एकच दार. म्हणून हे दोन उपाय.

गॅसची नळी किंवा रेग्युलेटर गळतोय अशी शंका आली तर काडी ओढून बघणाऱ्या अजूनही आहेत. असं कधीच करू नका. वाटीत साबणाचा फेस करा आणि जोडाजोडांवर लावा. बुडबुडे फुगायला लागले की तिथेच गळती. मग रेग्युलेटर बंद करायचा, दार-खिडकी उघडायची, दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, कारण बटणातून ठिणगी उडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून दार उघडणं जास्त महत्त्वाचं. मग बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करायचा.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नका. पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होते आणि पेटतं तेल चौफेर उडतं. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवा. हवा तुटली की आग विझते. झाकण हाताशी नसेल तर मूठ-मूठ मीठ किंवा खाण्याचा सोडा टाका. पीठ मात्र नाही, ते स्वतःच पेटतं. आणि कढई उचलून बाहेर पळायचं नाही.

कुणी भाजलं तर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. साधं थंड पाणी वीस मिनिटं. नळ नसेल तर पिंपातलं पाणी तांब्याने सावकाश ओता. बर्फ नको. मग स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळून दवाखाना.

थोडक्यात, पण लक्षात ठेवा

खाण्याचा सोडा करपलेलं भांडं आणि चहाचे डाग काढतो. करपलेल्या भांड्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळा, मग घासा. डाळींना एरंडेलाचा हात लावला की कीड लागत नाही, हे आपल्याला माहीत आहेच. बोरिक पावडर, साखर आणि कणकेच्या गोळ्या झुरळांना मारतात, पण त्या पोरांच्या हाताला लागतील अशा ठेवायच्या नाहीत. बोरिक पावडर पोटात गेली तर विषच.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपली ग्रामपंचायतीची टीसीएल, एकत्र करू नका. दोन्ही स्वस्त, दोन्ही कामाची. पण एकत्र आली की क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि लहान, बंद मोरीत तो जीव घेऊ शकतो. "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ होतं" ही समजूत काढून टाका. एक वापरलं, भरपूर पाणी ओतलं, मग दुसऱ्या दिवशी दुसरं.

गटाने काय करायचं

एकटीने पाव किलो तुरटी, एक पाकीट सोडा, एक वडी साबण घेतली की किरकोळ भाव लागतो. दहा जणींनी मिळून घाऊक घेतलं तर भाव उतरतो. बचत गटाचा फायदा फक्त कर्जापुरता का असावा? पुढच्या बैठकीत ही यादी करा: तुरटी, मीठ, खाण्याचा सोडा, साबण, चुना. एकीने भाव काढायचा, एकीने वहीत लिहायचं, वाटप बैठकीतच करायचं.

आणि त्याच बैठकीत एक लिटर पाणी, साखर, मीठ आणि चमचा घेऊन सगळ्यांसमोर एकदा मीठ-साखरेचं पाणी करून बघा. प्रत्येकीने चव घ्यायची. सपाट चमचा म्हणजे किती, हे ऐकून कळत नाही, हाताला कळावं लागतं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी दोनदा करायचं. ज्यांची लेक किंवा सून गोवंडीत, कल्याणात, पुण्यात आहे, त्यांनी तेच माप फोनवर सांगायचं. रात्री दोन वाजता दुकान बंद असतं आणि दवाखाना लांब असतो. तेव्हा घरात फक्त मीठ, साखर आणि माप माहीत असलेली बाई असते. तेवढं पुरतं.